दोघेही म्हणतात "आम्हाला धर्म नाही", मग भूमिपूजनावरून भांडण का?

उभयान्वयी
मंडळी, मी पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते. चाकणला एका कारखान्याच्या नव्या शेडचं काम निघालंय. भागीदार दोन, एक जपानी आणि एक जर्मन. कंत्राटदार आपला मराठी. त्यानं सवयीप्रमाणे भूमिपूजनाचा मुहूर्त काढला. जपानी साहेब एकदम खूश, "आमच्याकडेही असतं, जिचिन्साई म्हणतात, तेही करून घेऊ." जर्मन साहेबांचा मात्र ठाम नकार. कंपनीच्या पैशानं धार्मिक विधी नको.

रात्री जेवताना विषय पुन्हा निघाला. जर्मन म्हणाले, "मी धर्म मानत नाही, चर्च रीतसर सोडलंय." जपानी म्हणाले, "मीही कुठलाच धर्म मानत नाही." "मग हा विधी?" "तो कुठे धर्म आहे?"

आता या जपानी साहेबांच्या लॅपटॉपच्या बॅगेला देवळातला ताईत (ओमामोरी) लटकतोय. १ जानेवारीला ते शिंतो (जपानचा मूळचा धर्म) देवळात जातात. लग्न हॉटेलच्या चॅपलमध्ये झालं, बायको पांढऱ्या गाऊनमध्ये. वडिलांचं सातव्या वर्षाचं कार्य बौद्ध मंदिरात केलं. तरी धर्म नाही! आणि माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं मला नक्की कळतं. जर्मनांना मात्र वाटलं की हे आपल्याला गंडवतायत.

प्रश्न दोन. पूर्व आशियात लोक नक्की काय मानतात, आणि पाश्चात्त्य धर्मकल्पनेपेक्षा ते खरंच इतकं वेगळं आहे का? दुसरा व्यवहाराचा: जर्मन साहेबांना सांगू काय?

मीठभाकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याची शंभरी नक्की.

तोक्योकर
बारा-पंधरा वर्षं इथे आहे म्हणून लिहितो. साहेब अगदी सरासरी जपानी आहेत. इथे सांस्कृतिक खातं दरवर्षी धर्मांची आकडेवारी काढतं. गेल्या दशकात सगळ्या पंथांच्या अनुयायांची बेरीज १८ कोटींच्या आसपास भरत होती आणि लोकसंख्या साडेबारा कोटी. म्हणजे डोक्यांपेक्षा भक्त जास्त. कारण शिंतो देऊळ आपल्या हद्दीतली घरं मोजतं, बौद्ध मंदिर आपल्या यजमान कुटुंबांना मोजतं, आणि तुम्हाला कुणी विचारत नाही.

माझ्या घरमालकीणबाईंकडे एकाच खोलीत भिंतीवर उंचावर शिंतो देव्हारा (कामिदाना) आणि खाली कपाटासारखा बुत्सुदान (घरातल्या पितरांचा बौद्ध देव्हारा), त्यात नवऱ्याचा फोटो आणि नावाची पाटी. सकाळी कुकर उघडला की पहिला वाटीभर भात तिथे जातो. एकदा विचारलं, "ते बघत असतील असं वाटतं का?" तर बाई गोंधळल्या. श्रद्धेचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. भात ठेवायचा असतो म्हणून ठेवायचा.

थोडक्यात, पाश्चात्त्यांकडे "काय मानता?" हा पहिला प्रश्न, इकडे "काय करता?" हा.

स्पष्टवक्ता_९६
यात नवल काय? हे सगळं आपल्याकडूनच गेलेलं आहे. सरस्वती तिकडे बेनझाइतेन, गणपती कांगितेन, यम एम्मा. सनातन धर्माचीच शाखा म्हणा ना. आपल्याकडे तरी कोण विचारतं काय मानता म्हणून?

जुनी_वही
@स्पष्टवक्ता, देव गेले हे खरं, चीनमार्गे बौद्धांच्या सामानातून गेले. पण जाताना बदलले. तिकडचा गणपती बऱ्याच ठिकाणी दाराआड, दोन हत्तीमुखी आकृती एकमेकांना मिठी मारून उभ्या, आणि मूर्ती सहसा दाखवतही नाहीत. आपण दहा दिवस चौकात बसवतो. शाखा म्हणून हक्क सांगण्याआधी हा फरक बघावा.

आणि चीनच्या मुळाशी जे आहे ते भारतातून गेलेलंच नाही. पितर, आणि "तियेन" म्हणजे वरचं आकाश, जे राजाला अधिकार देतं आणि तो माजला तर काढून घेतं. पण बायबलमधल्या, सिनाय पर्वतावर मोशेशी बोलणाऱ्या देवासारखं ते बोलत नाही, आज्ञांच्या पाट्या देत नाही. कन्फ्यूशियसला शिष्यानं विचारलं, भुताखेतांची सेवा कशी करावी? उत्तर आलं, जिवंत माणसांची सेवा अजून जमत नाही, त्यांची कुठून जमणार? मरणाबद्दल विचारलं तरी तसंच, जगणं कळलं नाही तर मरण काय कळणार? असं सांगणारा माणूस पितरांचे विधी मात्र काटेकोर करायला लावतो. तोक्योकरांच्या घरमालकीणबाई त्याच परंपरेतल्या.

केळीचं_लोंगर
मी वसईचा कॅथलिक. धाग्यात "पाश्चात्त्य" म्हणजे मीच का? आमच्या गावात मिस्सा मराठीत होतो हो.

पण तोक्योकर, तुमचं "मानणं विरुद्ध करणं" मला अर्धंच पटलं. हो, आम्ही दर रविवारी उभं राहून काय मानतो ते मोठ्यानं म्हणतो. एक देव, त्यानं आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, इथपासून. असं वाक्यावाक्यानं म्हणणं शिंतोत नसेल. पण आमची आजी ते किती समजून म्हणायची, देव जाणे. तिचा धर्म म्हणजे रोझरी, उपास आणि २ नोव्हेंबरला आजोबांच्या कबरीवर फुलं-मेणबत्त्या. दोन दिवस आधी जाऊन गवत उपटायची, दगड घासायची, शेजारच्या बेवारशी कबरीवरही एक मेणबत्ती लावायची. हे "करणं" नाही तर काय? जर्मन साहेब प्रॉटेस्टंट घरातले असतील, म्हणून त्यांना धर्म म्हणजे मनातली गोष्ट वाटते.

मावशी_जर्मनीवाली
@केळीचं_लोंगर, मनातली? अहो, इथे धर्म पगाराच्या चिठ्ठीत असतो! नोंदणीकृत कॅथलिक किंवा इव्हांगेलिश (म्हणजे प्रॉटेस्टंट) असाल तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के (राज्यावर अवलंबून) चर्च कर कापला जातो. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन सही करून बाहेर पडायचं. माझ्या शेजाऱ्यानं पहिली नोकरी लागल्यावर, पहिली चिठ्ठी बघून हेच केलं. तरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईबरोबर चर्चला जातोच, आणि तिथे गाणी सगळ्यात जोरात हाच म्हणतो.

म्हणून उभयान्वयी, तुझ्या जर्मन साहेबांचं "मला धर्म नाही" म्हणजे "मी सही करून बाहेर पडलोय". जपानी साहेबांनी सही करून आत येणंच कधी केलं नाही. शब्द एक, पण एक दार लावून आलाय आणि दुसऱ्याला दारच ठाऊक नाही.

पारावरचा_पिंपळ
मावशींना +१. शेवटची ओळ जबरी.

जुनी_वही
मावशी, ओळ सुरेख आहे पण दार होतं हो. १६१४ साली तोकुगावा शोगुनानं (तेव्हाचा लष्करी सत्ताधीश) देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मग प्रत्येक कुटुंबाला कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवून "हे ख्रिस्ती नाहीत" असा दाखला घ्यावा लागे. नागासाकीकडे तर येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवावा लागे. साहेबांच्या वडिलांचं कार्य ज्या "घराण्याच्या मंदिरात" झालं, ती घराणं-मंदिर जोडी बहुतेक ठिकाणी त्या नोंदणीतून पक्की झाली. आज सगळ्यांना ती परंपरा वाटते. मुळात जनगणना आणि पोलीस चौकशी एकत्र.

जे लपून राहिले ते कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाची मूर्ती मेरी समजून पुजत राहिले. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी फ्रेंच पाद्र्याला भेटून म्हणाले, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मधे दोनशेहून जास्त वर्षं एकही पाद्री नव्हता.

तेव्हा "तिकडे कुणी विचारत नाही काय मानता" हे विसरा. एकदा फार कडक विचारलं गेलं, म्हणून आता कुणी विचारत नाही, असंही म्हणता येईल.

तोक्योकर
हे मान्य. आणि बाहेर पडण्याचा खर्च इथेही आहे. गावाकडची कबर बंद करून नातं तोडायचं म्हटलं तर मंदिर पैसे मागतं, त्यावरून भांडणं होतात. मेलेल्याला भटजी नवं नाव देतो, ते भारदस्त हवं असेल तर काही लाख येन. चर्च कराचा हा चुलतभाऊच.

मीठभाकर
मेल्यावर नाव बदलायला लाखो? आमच्याकडे लग्नात फुकट बदलून देतात, आणि बायको तक्रार आयुष्यभर करते.

सोलकढी_सिंचू
तैवानमधून (नवरा चिपवाला, अजून काय). तैपेईचं लोंगशान मंदिर १७३८ चं. पुढे ग्वानयिन (जपानची कान्नोन तीच) म्हणजे बौद्ध, मागे समुद्राची देवी माझू, सेनापती ग्वान यू, आणि परीक्षेचा देव वनछांग. याच्यापुढे मुलं परीक्षेच्या प्रवेशपत्राची झेरॉक्स ठेवतात. बैठक क्रमांक दिसेल अशी. देवाचा घोटाळा नको.

तिथे चंद्रकोरीसारखे लाल लाकडाचे दोन तुकडे असतात, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. प्रश्न मनात धरायचा, नाव-पत्ता-जन्मतारीख देवाला सांगायची आणि ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट एक फुगीर पडलं तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर तर नकार. दोन्ही सपाट वर तर देव हसतोय, प्रश्न नीट विचार. मी कोकणातली. हा सरळ सरळ कौल! आमच्याकडे पाकळी डावी पडते की उजवी हे बघतात, इथे लाकूड. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांना काहीही समजावावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी ग्वान यूला विचारून मोकळ्या झाल्या. त्यानं तीनदा हसून दाखवलं. काय विचारलं ते सांगत नाहीत.

स्पष्टवक्ता_९६
बघा! म्हणजे आपलंच.

सोलकढी_सिंचू
दादा, कौल लावणारा आपला असं असेल तर अर्धं जग आपलं. हलके घ्या.

वैदर्भी_पाऊस
उशिरा येतेय, पण थोडं विरजण घालते. :)

मी नागपूरची, बौद्ध. इथे सगळे आनंदात आहेत की पूर्वेकडे माणूस एकाच वेळी तीन धर्म पाळतो, किती मोकळेपणा. आमच्या घरी आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा. पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही. पुढे श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. म्हणजे आमचा बौद्ध धर्म सुरूच होतो उभं राहून मोठ्यानं "हे मानणार नाही" म्हणण्यापासून. आणि जपानमधलं बौद्ध मंदिर चालतंच मुळी पितरांच्या कार्यावर! माझा भाऊ ओसाकाला गेला तर सहकाऱ्यानं कौतुकानं आजीच्या वर्षश्राद्धाला नेलं, "तूही बौद्ध ना?" भाऊ हात जोडून बसला, पण आत गडबडला होता.

तेव्हा निवडीचा, ठाम नकाराचा धर्म म्हणजे "पाश्चात्त्य" नव्हे. ज्याला जुन्या व्यवस्थेतून बाहेर पडायचंय त्याला नकार मोठ्यानेच द्यावा लागतो. सगळं चालतं, सगळं चालतं असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा व्यवस्थेचा त्रास झालेला नसतो.

दुसरं, शिंतोत पापापेक्षा विटाळ (केगारे) महत्त्वाचा, मीठ टाकून, पाण्यानं शुद्ध व्हायचं, हे फार गोड वाटतं वाचायला. मेलेली जनावरं ओढणारे, चामडं कमावणारे जपानमध्येही विटाळाचे धरले गेले. १८७१ ला सरकारनं कागदोपत्री भेद रद्द केला, तरी त्यांच्या बुराकू वस्तीचा पत्ता पुढे लग्नात आणि नोकरीत आडवा येत राहिला. विटाळाची संकल्पना कुठेही नेली तरी असंच काहीतरी उगवतं.

पारावरचा_पिंपळ
दोनदा वाचला प्रतिसाद. "करणं"वाल्या बाजूनं आता बोलणं अवघड आहे.

केळीचं_लोंगर
वैदर्भी, सहमत. अवांतर: कामठीचं ड्रॅगन पॅलेस बघितलंय, जपानी मदतीनं बांधलेलं. तिथे पितरांचं काही करतात का?

वैदर्भी_पाऊस
मी तरी बघितलं नाही. सुंदर शांत आहे, परीक्षेच्या दिवसांत जायचे. (वनछांगला झेरॉक्स न देता पास झाले.)

जुनी_वही
वैदर्भी यांनी नेमकं बोट ठेवलं. माझ्या मते पूर्व-पश्चिम गाठ खरी अडली ती "एक देव की अनेक" यावर नाही, पितरांवर. आणि सुरुवात आपल्या गोव्यात आहे.

अंजिरो नावाचा एक जपानी, घरी खून करून पळालेला, मलाक्काला जेझुइट (एक कॅथलिक संघ) पाद्री फ्रान्सिस झेवियरला भेटला. १५४८ ला गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, आणि १५४९ ला झेवियरला घेऊन कागोशिमाला उतरला. पुढे झेवियरनं पत्रात लिहिलंय की नव्या ख्रिश्चनांचं एक दुःख त्याला दूर करता येत नव्हतं. ते विचारत, आमचे आईबाप, आजे-पणजे नरकात असतील तर त्यांना सोडवता येईल का? तो म्हणे, नाही. ते रडत. आणि त्यांचं रडणं बघून त्यालाही वाईट वाटे.

ही खरी भेग. झेवियरच्या हिशेबात माणूस एकटा देवासमोर उभा. त्या लोकांच्या हिशेबात एकटा माणूस असा नसतोच, मागे सगळी रांग असते. रांग सोडून स्वर्गात जायचं म्हणजे बेइमानीच.

चीनमध्ये मात्तेओ रिची आणि त्याच्या जेझुइटांनी तोडगा काढला: पितरांना वाकणं, कन्फ्यूशियसला धूप दाखवणं हा आदर आहे, पूजा नाही, तेव्हा चालेल. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांचे पाद्री म्हणाले, ही मूर्तिपूजाच. वाद शंभर वर्षं चालला. १७०४ आणि १७१५ ला पोप अकराव्या क्लेमेंटनं विरोधात निकाल दिला. कांगशी बादशहा, ज्यानं १६९२ ला ख्रिस्ती धर्माला मुभा दिली होती, तो भडकला आणि त्यानं प्रचारावर बंदी घातली. १७४२ ला पोपनं कायमचं "नाही" म्हटलं. कोरियात १७९१ साली युन जी-छुंग नावाच्या कॅथलिकानं आईचं कार्य परंपरेप्रमाणे केलं नाही, पितरांच्या पाट्या जाळल्या. त्याचा शिरच्छेद झाला. आणि १९३९ ला बाराव्या पायसच्या काळात रोमनं सांगितलं की हे नागरी रिवाज आहेत, चालतील. म्हणजे रिची म्हणत होता तेच.

आता चाकणकडे बघा. जपानी साहेब आज रिचीचं वाक्य म्हणतायत, "हा धर्म नव्हे, रिवाज", आणि जर्मन साहेब डोमिनिकनांच्या खुर्चीत बसलेत, तेही चर्च सोडल्यावर!

मीठभाकर
ठ्ठो! ही शेवटची ओळ साहेबांना भाषांतर करून दाखवू नका, नोकरी जाईल.

घाईघाईत
मोबाईलवरून टंकतोय. एक राहिलं. "पूर्वेकडे फक्त विधी, श्रद्धा नाही" म्हणणाऱ्यांनी जपानी बौद्ध गुरू शिनरान (११७३–१२६२) वाचावा. त्याचं म्हणणं, स्वतःच्या पुण्याईनं कुणी तरत नाही, अमिदा बुद्धावर भरवसा टाकून नाव घ्या, बस. वाईट माणूस तर आधी तरेल, कारण त्याला स्वतःचा भरवसाच नाही. त्यानं लग्न केलं, मुलं झाली, स्वतःला ना भिक्षू ना संसारी म्हणायचा. जेझुइटांनाही यात ल्यूथर (प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक) दिसला आणि ते चरकले. वारकऱ्याला नाममाहात्म्य वेगळं सांगायला नको.

उभयान्वयी
बापरे, दोन दिवस कामात होते, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न? मुहूर्त आठवड्यावर आलाय हो.

तोक्योकर
अरे हो! जर्मन साहेबांना त्सु शहराचा खटला द्या. मिए प्रांतात त्सु नगरपालिकेनं १९६५ ला व्यायामशाळा बांधताना जिचिन्साई केली. पुजाऱ्यांची दक्षिणा आणि नैवेद्य धरून खर्च ७,६६३ येन, सरकारी तिजोरीतून. एक नगरसेवक कोर्टात गेला. नागोया उच्च न्यायालय म्हणालं, हा धार्मिक विधी, घटनेविरुद्ध. १९७७ ला सर्वोच्च न्यायालयानं फिरवलं: बांधकाम निर्विघ्न व्हावं म्हणून करायचा सामाजिक रिवाज आहे, धर्मप्रसार नाही. दहा विरुद्ध पाच. आणि विरोधी पाचांत खुद्द सरन्यायाधीश फुजिबायाशी, जे स्वतः ख्रिस्ती होते.

वैदर्भी_पाऊस
दुसराही निकाल द्या मग. संरक्षण दलातला एक जवान गेला, बायको ख्रिस्ती. तिचा विरोध असताना माजी सैनिकांच्या संघटनेनं दलाच्या मदतीनं त्याला शिंतो देवळात देव म्हणून बसवलं. ती लढली. खालच्या कोर्टात जिंकली, आणि १९८८ ला सर्वोच्च न्यायालयात हरली. कोर्टानं तिलाच सहिष्णुता शिकवली, दुसऱ्यांच्या श्रद्धेबद्दल. "हा फक्त रिवाज आहे" म्हणणं बहुसंख्याला नेहमीच सोपं जातं. चाकणच्या त्या मांडवात न येणाऱ्या कामगाराचं काय, हे आधी ठरवा.

उभयान्वयी
दोन्ही निकाल दिले. जर्मन साहेबांनी बहुमताचं एक पान वाचलं आणि विरोधी मत मात्र सगळं. वैदर्भीताईंचा मुद्दा मी माझाच म्हणून मांडला (क्षमस्व!). ठरलं ते असं: कंपनीच्या खात्यातून एक रुपया नाही. नारळ-हार कंत्राटदाराचा, साके (तांदळाची दारू), मीठ, तांदूळ जपानी साहेबांच्या खिशातून. हजेरी ऐच्छिक, फोटो कंपनीच्या पत्रकात नाही. जर्मन साहेब लांबून बघणार आहेत, हेल्मेट घालून.

आता नवा घोळ. जिचिन्साईच्या नैवेद्यात ताई नावाचा अख्खा मासा लागतो, डोक्यासकट. गुरुजी म्हणाले, माझ्या मांडवात मासा आला तर मी उठलो. जपानी साहेबांना हे कळेना, समुद्रातली भेट देवाला का नको? शेवटी दोन कोपरे, मधे अर्ध्या तासाचं अंतर. एकीकडे चार बांबू आणि दोरी, दुसरीकडे कलश आणि कुदळ.

केळीचं_लोंगर
ताई पुण्यात कुठे मिळणार? तांबोशी चालत असेल तर सांगा, लाल रंग जुळतो. पहाटे नायगावहून पाठवतो, बर्फात घालून.

मीठभाकर
आणि विधी झाल्यावर तो मासा कोण खातं?

तोक्योकर
सगळे मिळून. देवाला दाखवलेलं साके आणि खाणं नंतर वाटून संपवायचं, तो विधीचाच भाग आहे.

उभयान्वयी
तांबोशी चालेल म्हणाले साहेब. दोन पाठवा, कंत्राटदार मालवणचा आहे आणि त्यानं आत्ताच विचारलंय की भाजणार की कालवण करणार.